अर्धा दिसणारा रकाना

कंपनीत मी क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. गावाला वाटतं, कंपनीत आहे म्हणजे याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. म्हणून गेल्या यात्रेला बैलगाडा शर्यतीची यादी इंटरनेटवर टाकायचं काम कमिटीने माझ्या गळ्यात मारलं. कुणाची बारी कितवी, हा कागद आधी देवळाच्या भिंतीवर लागायचा. आता म्हणे गाडामालकांना घरबसल्या फोनवर दिसायला पाहिजे.

थोरल्या काकांसाठी तर ती यादी फार मोलाची होती. त्यांची जमीन कंपन्यांत गेली, पण बैल त्यांनी सोडले नाहीत. त्यातला एक, वासरू असल्यापासून हाताने चारलेला, आता थकला होता. औंदा त्याची शेवटची बारी, मग तो खुंट्यालाच, असं ते महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

यादी चाकणच्या एका टायपिंगवाल्याने एक्सेलमध्ये केलेली. महाळुंग्याहून फर्स्ट शिफ्ट करून आलो, ती वेब पेज म्हणून सेव्ह केली, उघडली आणि डोकंच फिरलं. मराठीचा पत्ता नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. टायपिंगवाल्याला फोन लावला तर म्हणतो, माझ्याकडे तर झकास दिसतंय. अरे राजा, तुझ्याकडे तुझा तो जुनाट फॉन्ट आहे म्हणून दिसतंय. यावर त्याचं उत्तर असं की मग सगळ्यांनी फॉन्ट टाकून घ्यावा. मी फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काय निघालं असतं देव जाणे.

मग सगळी यादी युनिकोडमध्ये बदलली. बदलताना निम्मी जोडाक्षरं तुटली, ती एकेक करून हाताने जोडली. पुन्हा सेव्ह केलं, तर आता अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. अक्षरशः रडकुंडीला आलो. कुठल्या तरी खोपच्यात सेव्ह करतानाची एक सेटिंग होती, ती युटीएफ-आठ केल्यावर एकदाची मराठी उमटली. मी ओळ अन् ओळ तपासली. एक काना तुटलेला नव्हता. लिंक गाडामालकांच्या ग्रुपवर टाकून दिली.

आमच्याकडे यादीत गाड्याची ओळ कुणी स्वतःच्या नावाने सुरू करत नाही. आधी 'श्री भैरवनाथ प्रसन्न', मग कैलासवासी आजोबा, आणि सगळ्यात शेवटी मालक. जुन्या बारीक फॉन्टमध्ये ही सगळी मंडळी एका ओळीत मावत होती. माझी नवी अक्षरं रुंद, रकाना तेवढाच. देव दिसले, आजोबा दिसले, मालक मात्र कापले गेले. मी अक्षरं तपासत बसलो होतो, माणसं तपासलीच नाहीत.

त्यात थोरले काका आणि धाकटे काका दोघेही गाडा पळवतात तो माझ्या आजोबांच्याच नावाने. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद, पण बाप कोण सोडणार? त्यामुळे यादीत दोन ओळी हुबेहूब सारख्या दिसत होत्या. एकतिसावी थोरल्यांची, त्र्याऐंशीवी धाकट्यांची.

शर्यतीदिवशी भोंग्यावर एकतीस नंबर पुकारला तेव्हा मी घाटात, म्हणजे गाडे पळतात त्या धावपट्टीवरच होतो. थोरल्या काकांचा पत्ता नाही. फोन लावत राहिलो, कुणी उचलेना. कमिटीच्या हातापाया पडलो, पण तीनदा पुकारा झाला की बारी बाद, हा नियम. नियम मलाही पाठ होता.

काका आले तेव्हा पंचेचाळिसावी बारी सुटत होती. बैलांना आंघोळ घातलेली, शिंगं रंगवलेली, अंगावर नवी झूल. बारी गेल्याचं मीच सांगितलं. त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यांनी यादी खालून वर चाळली होती, त्र्याऐंशीला आजोबांचं नाव दिसलं होतं आणि फोन खिशात ठेवून ते सावकाश बैल धुवायला गेले होते.

"अक्षरं लई चांगली दिसत्यात रं," ते म्हणाले. "बापाचं नाव वाचलं, मला वाटलं मीच."

माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बैल पुन्हा पिकअपमध्ये चढवले आणि धाकट्यांच्या गाड्याकडे न बघता निघून गेले.

संध्याकाळी मी रकान्याला रॅप टेक्स्ट केलं, म्हणजे न मावणारं नाव कापलं न जाता खालच्या ओळीत उतरतं. दोन क्लिकचं काम होतं.

यंदा यादी पुन्हा माझ्याकडेच आली. देव, आजोबा, मालक, तिघांना वेगवेगळे रकाने केले. तीन जणांच्या फोनवर उघडून बघितली, सगळी नावं शेवटपर्यंत दिसतात. आजोबांचं नाव या वेळी एकदाच आहे. थोरल्या काकांनी बारीचं टोकनच घेतलं नाही.