धाकटीचं कॅल्शियम

आमच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीत दोन जावा समोरासमोर उभ्या राहून इस्त्री करतात. धाकटीच्या हातून पँटची घडी अंमळ धारदार पडली, तरी थोरलीच्या पोटात दुखतं. मध्यंतरी धाकटीची पाठ सारखी ठणकायला लागली, तहान भागेना, म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. थोरलीनंही हट्टानं स्वतःचं तपासून घेतलं. धाकटीचं कॅल्शियम जास्त निघालं आणि थोरलीचा तिळपापड झाला. तिनं थेट डॉक्टरांनाच जाब विचारला.

"रोज दूध पिते मी, आणि हाडं हिची भक्कम?"

"अहो बाई, ते कॅल्शियम हाडांतून सुटून रक्तात उतरलंय. रक्ताच्या एका कॅन्सरमध्येही असं होतं. लगेच पुढच्या तपासण्या करू."

तपासण्यांत तोच कॅन्सर निघाला. उपचार सुरू झाले. आता दवाखान्यात खाटेजवळची खुर्ची थोरली धाकटीच्या नवऱ्यालाही देत नाही. परवा नर्सनं धाकटीची वेणी घातली, तर ही फणकारली, "ही कसली वेणी? सरका बाजूला!"

"जाऊबाई, किती जळाल!" धाकटी हसली.

"जळणारच!" म्हणत थोरलीनं वेणी सोडली आणि नव्यानं घालायला घेतली.