खांड उघडी ठेवली ते वर्ष

आमच्या गावाला एक खोड आहे. तिचा अभिमान धरावा की संताप करावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खाडीचा बांध फुटला की गाव कुणाची वाट बघत नाही. ओहोटी लागली की घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन निघतो. पेंढा, फांद्या, चिखल हातोहात पुढे जातं आणि भरती यायच्या आत खांड, म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड, बुजवून माणसं जेवायला घरी येतात. खारं पाणी शेतात मुरलं तर पुढे कित्येक वर्षं तिथे भात होत नाही, म्हणून ही घाई.

माझं माहेर पेण तालुक्यात, कासू स्टेशनवर उतरून खाडीकडे गेलं की लागतं. मला रोह्याला दिली. नवरा कंपनीत शिफ्टला जातो, मी घरी शिकवण्या घेते. स्वभाव मात्र बाबांचा घेतला, असं सासरचे म्हणतात आणि ते काही कौतुकाने म्हणत नाहीत. बाबा एकही ग्रामसभा चुकवत नसत. पुढच्या सतरंजीवर बसायचे आणि विषय वाचून व्हायच्या आत उभे राहायचे. गावाने त्यांचं नाव 'तारांकित प्रश्न' ठेवलं होतं. ते उठले की मागची पोरं खाकरायची.

त्यांचा प्रश्न वर्षानुवर्षं एकच होता. खांड बुजवून झाली की आठवड्याने बांधाचं काम बघणाऱ्या सरकारी खात्याचे साहेब येत, बांधावर उभे राहत आणि म्हणत, "बांध तर धड दिसतोय. फुटला कुठे?" मग नुकसानभरपाई नाही, दगडी काम नाही. वर ग्रामसभेत त्याच जागेची सरकारी खर्चाने दुरुस्ती झाल्याचं ऐकायला मिळे. बाबा विचारायचे, दुरुस्ती केली कुणी? सरपंच हसून म्हणायचे, "काका, बांध उभा हाय ना? मंग झाला तर." सगळी सभा हसायची. ज्यांच्या अंगावरचा चिखल अजून पुरता निघालेला नसायचा, तेही हसायचे.

मग एका वर्षी बाबांनी सभेत सांगून टाकलं, "या टायमाला कुनी हात लावायचा नाय. आपुन बुजवतो म्हनून त्यांचा फावतो. येऊन बघू दे त्यांना." कुणीतरी विचारलं, आणि पाणी शिरलं तर? बाबा म्हणाले, "पयला शेत माझाच हाय. जाईल तर माझा जाईल." हात वर झाले. मला फोनवर कळलं तेव्हा मी रोह्यात एकटीच हसले. म्हटलं, शाब्बास, आता खिंडीत गाठलं.

आषाढातल्या अमावस्येच्या उधाणाला बांध फुटला, तोही बाबांच्या शेताच्या तोंडावरच. लावणी नुकती झाली होती. बाबांनी अर्ज दिला, फोटो पाठवले, पेणच्या कचेरीत जाऊन बसले. साहेब रजेवर. साहेब आले तर गाडी नाही. ग्रामसेवकाकडे आणखी दोन गावं, तो आज तिकडे. इकडे प्रत्येक भरतीला खांड रुंदावत होती. आईचा फोन आला, "गो, तूच सांग तुझ्या बापाला. मानसा घमेली घेऊन बसलीत, याच्या एका हाकेची वाट बघतात." मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "आता बुजवली तर मी खोटा पडेन."

शेवटी गावाने आपली वाट काढली. आमच्या शेतामागच्या आतल्या लहान बांधावर मातीची भर घातली आणि बाकीची शेतं वाचवली. आमचं शेत खाडीच्या बाजूला राहिलं. यात गावाचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण त्या दिवशी मला गावाचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

साहेब आले तेव्हा रोपं काळी पडली होती. त्यांनी मोजमाप घेतलं, पंचनामा केला. खांड डोळ्यांसमोरच होती, नाही म्हणायला जागाच नव्हती. बाबांचा फोन आला, आवाज लहान मुलाचा झाला होता. "लिवला गो! फुटला म्हनून लिवला त्यांनी!" शेत गेलेल्या माणसाचा इतका आनंद मी कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून मी रडले.

प्रकरण अलिबागला जिल्ह्याच्या कचेरीत गेलं आणि तिथेच राहिलं. बाबा प्रत्येक सभेत उठून विचारत राहिले. दरम्यान भरतीबरोबर तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, बी आत आलं आणि पुढच्या वर्षी शेतात रोपं उभी राहिली. मग उत्तर आलं. तिथे आता खारफुटी आहे, तिला हात लावता येत नाही, परवानगीशिवाय मातीही टाकता येणार नाही. उत्तर वाचताना सरपंच हसले नाहीत. मागच्या पोरांपैकीही कुणी खाकरलं नाही, आणि मला वाटतं बाबांना तेच जास्त लागलं.

गेल्या भाद्रपदात मी गौरींना माहेरी होते. सकाळीच ओरडा झाला, बांध दुसऱ्या टोकाला फुटला होता. माणसं घमेली घेऊन आमच्या दारावरून पळत गेली. बाबा ओटीवर बसले होते. एकानेही हाक मारली नाही. मी चिडून म्हणाले, "तोंडात मूग धरलेत का यांनी?" आईने मला गप्प केलं. बाबा उठले, पडवीतून घमेलं काढलं आणि त्यांच्या मागून चालू लागले. मीही गेले. रांगेतली दोन माणसं सरकली, बाबा मध्ये उभे राहिले आणि चिखल पुढे देऊ लागले. भरतीच्या आत खांड बुजली.

मी रोह्याला परत निघाले त्या दिवशी साहेब आले. नवे होते. बांधावर उभे राहून त्यांनी विचारलं, "फुटला कुठे?" सगळ्यांनी सवयीने बाबांकडे बघितलं. बाबांनी बांधाकडे बघितलं, मग त्या माणसांकडे.

"कुठं नाय साहेब," ते म्हणाले. "काय नाय झाला."