‘मलाही हवंय’ असं लिहू नये

नोलीन टूही या बाईंनी आयुष्याची तीस वर्षं आमच्या ओमारू गावच्या शाळेतल्या वाचनालयात मुलांना गप्प करण्यात घालवली. निवृत्त झाल्या, पण सवय सुटली नाही. गप्प करायला मुलं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी सगळ्या जगाला गप्प केलं. कसं ते सांगते. मी त्यांच्या शेजारी एकोणीस वर्षं राहते आणि दर मंगळवारी गावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांना संगणक शिकवते, म्हणजे या प्रकरणात थोडं पाप माझ्याही पदरात आहे.

सत्तरी ओलांडल्यावर नोलीनबाईंच्या नजरेत मधोमध धुकं बसलं. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. मग पेपर वाचून दाखवायचं काम नवऱ्याकडे, नेव्हिलकडे आलं. नेव्हिल रोज सकाळी हवामान वाची, रग्बी वाची, नगरपालिकेतली भांडणं तर आवाज बदलून वाची. निधनवार्तांचं पान आलं की म्हणे, “आज कुणी गेलं नाही.” आमच्या जिल्ह्यात अर्धी माणसं सत्तरीच्या पुढची, पण नेव्हिलच्या वाचनात कुणी मरतच नव्हतं. फारच झालं तर एखादा शंभरीचा, तोही लांबचा.

“हा मला मासा भरवल्यासारखा पेपर भरवतो,” नोलीनबाई मला म्हणाल्या. “काटे काढून. पोरी, माझा पेपर माझा मला वाचायचाय.”

मी त्यांच्या ब्राउझरला एक एक्स्टेंशन जोडून दिलं. पानावरचा मजकूर ते मोठ्यानं वाची. पण आमच्या पेपरच्या पानावर बातमीपेक्षा जाहिराती जास्त, आणि त्या बापड्याला काय कळणार? ते वाची, “श्रीमती अमुक यांचे, फक्त या आठवड्यात, गवत कापायच्या यंत्रावर वीस टक्के सूट, कुटुंबीयांच्या सान्निध्यात निधन.” नेव्हिल हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आला.

यावर उपाय होता. रीडर व्ह्यूचं बटण दाबलं की जाहिराती, लुकलुकते चौकोन, सगळं झडून नुसता मजकूर उरे. पान कसं सारवलेल्या अंगणासारखं. पण तिथं एक्स्टेंशनला प्रवेश नव्हता. सुरक्षेसाठी म्हणे. आवाज हवा तर पान घाण, पान स्वच्छ तर आवाज बंद.

हा ब्राउझर स्वयंसेवक मिळून बनवतात. त्यांचा एक उघडा फलक असतो, कुणीही मागणी नोंदवावी. शोधलं तर ही मागणी कुणा फिनलंडच्या माणसानं आधीच नोंदवून ठेवलेली. ते पान साधं, त्यामुळे त्यावर आमचा आवाज नीट चाले. नोलीनबाईंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि त्यांना सगळ्यात आवडला तो वरचा नियम: ‘मलाही हवंय’ असं लिहू नये, त्यानं कामात व्यत्यय येतो. नुसतं पसंतीचं अंगठ्याचं चिन्ह दाबावं.

बाईंनी अंगठा दाबला आणि पहाऱ्याला बसल्या. महिन्याला चार-पाच जण येऊन लिहीत, मलाही हवंय, कधी होणार, माझ्या आईसाठी हवंय. बाई प्रत्येकाला गोड शब्दांत नियम दाखवत. लोक बिचारे माफी मागून, लिहिलेलं पुसून जात. दीड वर्षात बाईंनी तिथं अशी शांतता आणली की टाचणी पडली तर ऐकू यावी.

“काम करणाऱ्यांना शांतता लागते,” त्या मला म्हणाल्या. आणखी वर्ष गेलं. काम करायला कुणी फिरकलं नाही.

मग ऑगस्टातल्या एका मंगळवारी फलकावर यंत्रानं आपोआप चिठ्ठी लावली: ‘या मागणीवर वर्षभरात कुणीही काही लिहिलेले नाही. याची कुणाला गरज नसावी. नोंद बंद करत आहोत.’

बाईंनी ती वाचनालयात माझ्या शेजारी बसून दोनदा ऐकली. मग कोट चढवला आणि बटणं लावत बसल्या. चुकीच्या काजात लावत होत्या.

“लिहा आता,” मी म्हटलं.

“नियम आहे.”

“नियम पाळलात म्हणून तर दार लागलं. तुमचा अंगठा त्या यंत्राला दिसत नाही, नोलीन. तुम्हाला हे कशाला हवंय ते एकदा तरी लिहिलंत का?”

नव्हतं लिहिलं. दुसऱ्यांना गप्प करता करता स्वतःचं सांगायचं राहून गेलं होतं. त्या सांगत गेल्या, मी टंकत गेले. ‘मला दिसत नाही. माझा नवरा मला निधनवार्ता वाचून दाखवत नाही. माझी माणसं कोण उरलीत ते मला कळलं पाहिजे.’

तिसऱ्या दिवशी होबार्टच्या एका स्वयंसेवकाचं उत्तर आलं. ‘हे कशासाठी हवंय ते कुणी बोललंच नव्हतं. मला वाटलं पानाला रंगबिरंगी सजावट करायचीय. दोन दुपारींचं काम आहे.’ दोन दुपारी! मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली.

ऑक्टोबरात ती सोय असलेला नवा ब्राउझर आला. मी त्यांच्या घरी जाऊन तो बसवला. नेव्हिलनं चीझ रोल भाजले होते आणि तो नको तितका वेळ ओट्यापाशी घोटाळत होता.

“काय उघडू?” मी विचारलं.

“निधनवार्ता. शोधात बेरिल टाक. बेरिल हॅनन.”

बेरिल त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, लेकीकडे टिमारूला राहायला गेलेली. वाढदिवसाला फोन केला नाही म्हणून नोलीनबाई तिच्या नावानं सव्वा वर्ष बोटं मोडत होत्या. उठता बसता. आणि पहिलं नाव तिचंच घेतलं, म्हणजे मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं.

आवाज स्वच्छ आला, मध्ये काही न येता. बेरिल जोन हॅनन. टिमारू. गेल्या वर्षीचा अकरा जून. झोपेत, शांतपणे. फुले आणू नयेत.

“तुला ठाऊक होतं,” नोलीनबाई मागे न बघता म्हणाल्या.

“हो,” नेव्हिल म्हणाला. “अंत्यविधीला जाऊन आलो मी. तुला गाडीचे टायर बदलायचे म्हणून सांगितलं होतं. तिथं आलेल्यांच्या वहीत तुझंही नाव लिहिलं.”

“आणि इथं मी तिला रोज शिव्या घालत होते. तू ऐकून घेतलंस.”

“मला बरं वाटायचं गं. रागावून का होईना, तू रोज तिच्याशी बोलत होतीस.”

बाई त्याच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “आणखी कोण कोण?”

नेव्हिल खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला आणि एकेक नाव घेत बोटांवर मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली, तरी तो थांबला नाही.