दाराआडून आलेलं बोट

११ एप्रिल १९६०. रजा घेऊन गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या घालत होते. हात पिठाने भरलेले, म्हणून धुळ्याहून आलेलं कार्ड शेजारणीने वाचून दाखवलं. नाना गेले. मी उरलेलं पीठ संपवलं आणि मगच खाली आले. त्याला आता महिना होत आला.

सात-आठ वर्षांपूर्वी नाना आणि मी धुळ्याच्या आरोग्य पाहणीत होतो. घरात कोण काय खातं हे विचारून तक्ता भरायचं काम माझं. नाना बोटाला सुई टोचून थेंब टिपकागदावर घ्यायचे आणि छापील रंगपट्टीशी ताडायचे. डाग फिका, तर रक्त कमी.

शिरपूरजवळच्या एका गावात सासूने सांगितलं, सून सगळ्यांसारखंच खाते. मी तसं लिहिलं. सासूचा थेंब घेऊन झाला आणि ती सुनेला बोलवायला आत गेली. सून परक्या पुरुषापुढे येत नसे, म्हणून तिचं नुसतं बोट दाराआडून पुढे आलं. दोन्ही डाग सारखेच लालभडक. मला शेवटची मोटार गाठायची होती, पण नाना उठेनात.

"ताई, जरा आत जाऊन या."

"आता आत काय बघायचं, नाना?"

"सासूबाईंच्या दोन्ही हातांना सुई लागलीय का, ते."

लागली होती. दोन्ही बोटांवर हळद दाबून सासू, म्हणजे अक्का, चुलीपाशी बसली होती. सून सात महिन्यांची गरोदर, कणगीला टेकलेली, ओठ पांढरे.

"तिना पोटमा पोर शे," अक्का म्हणाली. "तिनं रगत कशाले सांडता? मना आंगमा गंज शे."

मी चिडले. नाना बाहेरून हसत म्हणाले, "अक्का, तुमचं रक्त भरपूर आहे, झकास आहे, पण ते मोजून सुनेला काय उपयोग? तिचा एकच थेंब द्या."

अक्काने स्वतः सुनेचा हात दाराबाहेर धरला. कागदावर जेमतेम गुलाबी डाग उमटला. नानांनी दोन्ही डाग शेजारी ठेवून अक्काला दाखवले.

"ती बठ्ठासना मांगे जेवस," ती हळूच म्हणाली. "उरस ते खास." म्हणजे सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं.

मोटार गेली. सकाळी बैलगाडीने आणि पुढे मोटारीने सुनेला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. अक्का सोबत होती. महिनाभर उपचार झाले. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. माझ्या तक्त्यात मात्र ती सगळ्यांसारखंच खात होती. नानांनी तो तक्ता मला परत दिला, नवा भरायला लावला आणि साहेबांपाशी अवाक्षर काढलं नाही. पुढची सगळी वर्षं मी ही नोकरी नीट करू शकले, ते त्या दिवसामुळे.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेले आणि असोदा गावाहून भरून आलेले तक्ते पुन्हा काढले. तीन घरांत सासू-सुनांच्या डागांचे नोंदलेले रंग हुबेहूब जुळत होते. ते तक्ते भरणाऱ्या माझ्या हाताखालच्या दोन्ही मुलींना बरोबर घेतलं, असोद्याची मोटार पकडली आणि तिन्ही घरांत चुलीपर्यंत जाऊन आले.