बेचाळिसावा नग

आक्काने आठ वेळा अख्खं घर गाठोड्यांत बांधलं होतं. धाकटा भाऊ कालव्याच्या खात्यात मोजणीदार. बदलीचा हुकूम आला की भावजय डोळे पुसायची, पोरं तोंड पाडून बसायची, आणि आक्का पदर खोचून सुतळीचा गुंडा शोधायची. तिने बांधलेली बरणी आजवर फुटली नाही. नवऱ्याने तिला नांदवलं नाही, त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून भावाचं घर हेच तिचं घर.

नवव्या बदलीला सामानाची यादी घेऊन ती भावाबरोबर कचेरीत आली. कारण या खेपेला प्रवासभत्त्याच्या अर्जावर तिचीही सही लागणार होती. मंजुरी देणारे साहेब दुपारी दौऱ्यावर निघणार होते आणि ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात लागणार होता.

भत्त्याच्या कारकुनाने चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला.

"सामान एकेचाळीस नग. वा, अक्षर मोत्यासारखं आहे! आता माणसं. बायको, दोन मुलं, बहीण." त्याने जुनी फाईल उघडली. "बहीण विधवा. आठही अर्जांत तेच आहे. फक्त आता मृत्यूचा दाखला लागतो, नाहीतर बाईंची स्वतःची सही. करा इथे."

आक्काने भावाकडे पाहिलं. तो टेबलाच्या कडेचं लाकूड नखाने उकरत होता.

नवरा जिवंत होता. तीन स्टेशनं पलीकडे त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. फारकतीचा कागद कधी झालाच नाही, आणि कागदाशिवाय अशी बहीण नियमात बसत नाही, हे तिला आज कळत होतं. म्हणून भावाने आठ वेळा त्या माणसाला मारलं होतं.

"आठही वेळा?" तिने हळूच विचारलं.

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सही केली तर खोटं तिच्या हातचं होणार होतं. खरं बोलली तर भावाची नोकरी जाणार होती. पोरांची शाळा, भावजयीचा संसार, सगळं त्या एका रकान्यात अडकलं होतं. दाराशी साहेबांचा शिपाई बॅग घेऊन उभा राहिला.

"बाई, लवकर. साहेब निघाले."

आक्काने पेन घेतलं. तिने सहीची जागा सोडली आणि वर जाऊन स्वतःच्या नावावर आडवी रेघ ओढली.

"मी या खेपेला यांच्याबरोबर जात नाहीये. बाकीच्यांचं मंजूर करा."

कारकुनाने खांदे उडवले. "ठीक. न जाणाऱ्याला भत्ता नाही."

शिक्का बसला. बाहेर जिन्यावर भावाने तिचा हात धरला.

"आक्का, तुझ्या तिकिटासाठीच गं..."

"माहीत आहे रे. पण आठ वेळा मारलास त्याला, आणि मला एकदाही रडायला सांगितलं नाहीस."

घरी गेल्या गेल्या तिने उरलेल्या बरण्या बांधायला घेतल्या, आणि गाठी रोजच्यापेक्षा करकचून मारल्या.

सकाळी भाऊ बायकापोरांना घेऊन स्टेशनकडे निघाला. वळणावर थांबून त्याने मागे पाहिलं. आक्का ट्रकच्या पुढच्या सीटवर बसली होती, सगळ्यात मोठी बरणी मांडीवर घेऊन.

ड्रायव्हरने यादीवरून बोट फिरवलं. "मावशी, एकेचाळीस भरले."

"बेचाळीस," आक्का म्हणाली. "मला धरून. चल, सावकाश घे, काच आहे."