भर समुद्रातली संकष्टी

डोंबिवली पश्चिमेला विश्राम साटम राहतात त्या सोसायटीत संकष्टीला कोणी कॅलेंडर बघत नाही, सरळ साटमांना फोन लावतात. साटम गच्चीत पूर्वेकडे तोंड करून उभे असतात. "काका, उगवला का?" असं कोणी विचारलं तर नुसत्या 'हो'वर त्यांचं भागत नाही. "छापलाय आठ त्रेचाळीसला. मलंगगडाच्या डोंगरामुळे आपल्याला चार मिनिटं उशिरा दिसतो. वर त्या नव्या टॉवरची पाच धरा." पलीकडच्या बाईच्या पोटात कावळे ओरडत असतात आणि हे टॉवरची मिनिटं धरतायत!

माणूस मुळातला असा नव्हता. कल्याणच्या एका छापखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मुद्रितं तपासली. तिथे दरवर्षी एक कॅलेंडर छापलं जायचं. एका वर्षी श्रावणातल्या संकष्टीला आठच्या जागी नऊ पडलं आणि साटमांच्या नजरेतून ते सुटलं. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. चंद्र दिसत नसला की माणसं छापील वेळ मानतात, तशी शहाडच्या एका म्हाताऱ्या बाईंनी मानली. त्या तासभर जास्त उपाशी राहिल्या आणि चक्कर येऊन पडल्या. त्यांचा मुलगा कॅलेंडर हातात घेऊन छापखान्यात आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने नुसतं बोट ठेवून दाखवलं आणि निघून गेला. साटमांना ते फार लागलं. तेव्हापासून छापलेला प्रत्येक चंद्र आकाशातल्या चंद्राशी ताडून बघायची त्यांना सवय जडली. सवयीची पुढे हौस झाली. चंद्र रोज उशिरा का येतो, कधी चाळीस मिनिटांनी तर कधी पासष्ट मिनिटांनी का, असे प्रश्न ते जेवताना विचारायचे. त्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणायच्या, "आमटी वाढू का?"

उत्तराबाईंचं संकष्टीशी नातं वेगळं होतं. मुलगा सुशांत जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून लागला, त्या महिन्यापासून त्यांनी उपवास धरला. पोरगा पाण्यावर आहे तोवर सोडायचा नाही, आणि तोही कडक, चंद्रोदयापर्यंत पाण्याशिवाय काही नाही. चौदा वर्षं झाली, एकही चुकली नव्हती.

यंदा सुशांतचं छोटं क्रूझ जहाज मुंबईच्या गोदीतून दुरुस्ती होऊन सेशेल्सला निघालं होतं. प्रवासी मोजकेच, म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना न्यायची परवानगी मिळाली. अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून साटम जोडपं दुसऱ्याच दिवशी बोटीवर चढलं. "पितृपक्ष तोंडावर आणि हे निघाले समुद्रावर," असं नातेवाईक म्हणाले. नातेवाईकांना काय, आपण घरी बसलो तरी म्हणतात.

पहिले दोन दिवस छान गेले. साटमांनी जहाजभर फिरून सगळ्यांना भंडावून सोडलं. जेवणाच्या टेबलावरचं कापड ओलं का करता? ताटं घसरू नयेत म्हणून. रोज घड्याळ अर्धा तास मागे का? पश्चिमेला चाललोय म्हणून. साटमांनी मनगटावरचं घड्याळ मात्र डोंबिवलीच्या वेळेलाच ठेवलं. कुठून किती लांब आलो, हे कळायला एक खुंटी पक्की हवी, असं त्यांचं म्हणणं.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडून लाटा आल्या. जहाज आधी नाक वर काढायचं, मग खाली जायचं, आणि मध्येच कुशीवर वळायचं. केबिनमधले चपलांचे जोड एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत स्वतःच फिरून यायचे. उत्तराबाईंना उलट्या सुरू झाल्या. आलेपाक, लिंबू, सगळं करून झालं. साटमांना मात्र काही झालं नाही, आणि याची त्यांना बायकोसमोर जरा लाजच वाटली.

चौथा दिवस संकष्टीचा.

"आई, आज राहू दे ना गं," सुशांतने सकाळीच विनवलं.

"चौदा वर्षं तू लांब होतास तेव्हा केली. आज तू डोळ्यासमोर आहेस, समुद्र असा खवळलाय, आणि आज सोडू?" त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी जहाजावरच्या डॉक्टरने नाडी पाहिली, रक्तदाब घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. मीठ-साखरेचं पाणी आणि दोन खारी बिस्किटं ठेवून तो सुशांतला म्हणाला, तासा-दीड तासात हे पोटात गेलं नाही तर सलाइन लावावं लागेल, आणि या हेलकाव्यात शीर सापडणं कठीण आहे. उत्तराबाईंनी ग्लास बाजूला सारला. "मीठ आहे त्यात. चंद्र उगवल्यावर घेईन."

आकाशात तर सगळीकडे काळे ढग. सुशांतने वडिलांना दाराबाहेर ओढलं.

"बाबा, कॅलेंडरमध्ये किती आहे?"

"आठ चव्वेचाळीस. पण ते मुंबईचं. आपण इतकं पश्चिमेला आलोय, इथे उशिरा उगवणार. एका अंशाला चार मिनिटं."

"मग सांगा ना तिला, चव्वेचाळीसला उगवला म्हणून! तुमच्यावर तिचा विश्वास आहे."

"म्हणूनच सांगता येत नाही रे," साटम म्हणाले. "खरी वेळ काढतो. पश्चिमेचा हिशेब मला येतो. दक्षिणेला गेल्यावर किती फरक पडतो ते नाही माहीत."

सुशांत वैतागला. पण तेवढ्यात त्याला इंजिनरूममधून बोलावणं आलं. जाता जाता म्हणाला, "वर ब्रिजवर, जहाज चालवतात तिथे, दक्षता आहे, थर्ड ऑफिसर. तिच्याकडे चंद्रोदयाच्या वेळांचं पुस्तक असेल. मी फोन करून ठेवतो. कठडा धरून जा, बाबा!"

साटमांनी घड्याळ पाहिलं, साडेआठ. आत डोकावून म्हणाले, "अगं, पाच मिनिटांत आलो." आणि कठड्याला लोंबकळत जिने चढले.

दक्षता निघाली डोंबिवलीच्याच मोठागावची, खाडीकाठच्या कोळ्यांची मुलगी. "काय सांगता काका, तुम्ही वेस्टचे? बसा, बसा. पकडून बसा पण." संकष्टीचं ऐकून ती हसली नाही. "माझी आजी पण करते. थांबा, चंद्रोदयाचं टेबल काढते." तिने एक जाड पुस्तक समोर ठेवलं.

साटमांनी ते उघडलं. रकाने! चंद्रोदयाचे रकाने, पण एका गावाचे नाहीत. विषुववृत्तापासून वर आणि खाली, अंशाअंशाने, जिथे फक्त बर्फ आहे तिथपर्यंतचे. चौतीस वर्षं ते ज्या ओळीवर बोट फिरवत आले, ती या पानातली एक चिमूटभर होती.

"म्हणजे हा दक्षिणेचा फरक इथे आधीच धरलाय?"

"हो ना. आणि रेखांशाचा आपण काढायचा. हे बघा."

तिने आकडेमोड केली, कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिलं. डोंबिवलीच्या घड्याळाने नऊ एक्केचाळीस. साटमांनी चिठोरा खिशात घातला, आणि तिथेच उठायला हवं होतं. पण समोर पुस्तक उघडं. त्यांनी मुंबईचा अक्षांश शोधला आणि कॅलेंडरच्या आठ चव्वेचाळीसशी ताडून पाहिला. मिनिटाला मिनिट जुळला! मग शहाडच्या बाईंचा श्रावण आठवला, पण पुस्तक याच वर्षाचं. मग पुढची संकष्टी. मग त्याच्या पुढची. मग विचारलं, अगदी उत्तरेला काही दिवस वेळच छापलेली नाही, नुसती चौकट आहे, ती का? दक्षता म्हणाली, तिथे त्या दिवशी चंद्र मावळतच नाही. साटम लहान मुलासारखे खुदकन हसले. जहाज इतकं झुकलं की पेन्सिली गडगडल्या, तरी त्यांनी पान सोडलं नाही.

घड्याळाकडे नजर गेली तेव्हा नऊ वाजून अठरा मिनिटं झाली होती.

ते जिन्यावरून उतरले कसे, त्यांनाच ठाऊक. पाच मिनिटं सांगून पाऊण तास! आणि खालच्या बोळात वळले तर समोर उत्तराबाई. गाऊनवर शाल, पायात काही नाही, दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पाऊल टाकत येत होत्या.

"अगं! तू कशी उठलीस?"

त्यांनी आधी नवऱ्याच्या दंडाला हात लावून पाहिला, मग खांद्याला. मग रडू फुटलं. "कुठे होतात हो? पाच मिनिटं म्हणालात. जहाज केवढं झुकलं... मला वाटलं, गेलात तुम्ही कुठेतरी पडून. सुशांतही फोन उचलेना. उठायला गेले तर पायच उभे राहीनात." त्या थांबल्या आणि अपराध्यासारखं म्हणाल्या, "मग ते पाणी प्यायले. बिस्किटंही खाल्ली, दोन्ही. त्याशिवाय तुम्हाला शोधायला येणार कशी?"

चौदा वर्षं मुलासाठी धरलेलं त्यांनी आज याच्यासाठी सोडलं होतं, पुस्तकात रमलेल्या माणसासाठी. साटमांना स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

उत्तराबाईंनी त्यांची बाही धरली. भिजलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत विचारलं, "उगवला होता ना हो, मी खाल्लं तेव्हा?"

साटमांनी घड्याळाकडे पाहिलं. नऊ एकवीस. खिशातल्या चिठोऱ्यावर नऊ एक्केचाळीस. त्यांना आता पश्चिमेचं माहीत होतं, दक्षिणेचंही माहीत होतं.

"हो," ते म्हणाले. "केव्हाच उगवला होता."

मिनिटं त्यांनी सांगितली नाहीत, आणि तिनेही विचारली नाहीत.