राजापेठचा माणूस

"गुरुजी, या पाचही बर्थवर माझ्या यादीत दुसऱ्यांची नावं आहेत."

"शक्य नाही. हे पाहा, कन्फर्म लिहिलं आहे."

जयपूरहून येणाऱ्या गाडीत टीसी म्हणून माझी ड्यूटी खंडव्यापासून होती. तोवर रिकाम्या असलेल्या त्या बर्थचे खरे प्रवासी तिथे चढले आणि प्रकार उघडा पडला. अमरावतीचे निवृत्त शिक्षक इंगोले गुरुजी शेजारच्या चार वृद्धांना जयपूर दाखवून परत नेत होते.

पीएनआर म्हणजे तिकिटाचा दहा अंकी क्रमांक. तो मी यंत्रात घातला. तिकीट वेटिंगचे होते. चार्ट लागल्यावरही वेटिंगमध्ये राहिलेले ई-तिकीट आपोआप रद्द होते आणि पैसे ते काढणाऱ्याकडे परत जातात. गुरुजींच्या हातातल्या कागदावर 'कन्फर्म' हा शब्द कोणीतरी नंतर बसवला होता.

"कुणाकडून घेतलं?"

"किल्ल्यापाशी एक जण भेटला. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, 'तुमी अमरावतीचे का जी? मी राजापेठचा.' माझ्या पाया पडला."

"मी म्हनलं होतं, मोबाइलवर नंबर टाकून पाहा," त्या चौघांतल्या कुसुमताई म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना उभे राहवत नव्हते. "तं हे मलेच रागावले. म्हने, आपल्या गावच्या पोरावर संशय काहून घेता?"

गुरुजी मला बाजूला घेऊन गेले. "तुम्ही अकोल्याचे ना?"

"हो. जठारपेठेत राहतो."

"मग आपल्या माणसाले एवढं सांभाळून घ्या. हे लोक माझ्या शब्दावर आले आहेत."

"बर्थ एकही रिकामा नाही, गुरुजी. आणि तोही आपलाच माणूस होता."

हे वाक्य मी बोलायला नको होते. नियमाप्रमाणे पाच जणांचे भाडे आणि दंड घेतला. भुसावळला त्यांना जनरल डब्यात जावे लागले. कुसुमताईंना तिथे बसायला जागा मिळाली की नाही, हे मला समजले नाही. उतरताना गुरुजी त्यांची पिशवी घ्यायला वाकले, तेव्हा कुसुमताईंनी ती दिली नाही.

फलाटावर गुरुजींनी चष्मा लावला. मी दिलेली पावती ओळीओळीने वाचली, आकड्यांची बेरीज बोटांवर करून पाहिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

एवढी तपासणी जयपूरला त्या कागदाची झाली असती, तर पाचही जण बसून घरी गेले असते. तिकीट कोणत्या बोलीत विकले गेले, याची नोंद आमच्या यंत्रात नसते.